नमुना

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, न्यूबिगिनच्या ओहोटीत,
मला आधी वाटलं कुणीतरी स्ट्रॉ खोचून ठेवलेत वाळूत.
शंभरेक असतील. टोकाशी उसवलेले,
गोणपाटाच्या काठासारखे.
ओणवी होऊन एक ओढला,
तर बोटांत आली नुसती वाळू.
पण शिवलेली.

अठरा वर्षं मी जंत ओळखते.
अ‍ॅशिंग्टनच्या लॅबमध्ये काचपट्टीवर एक थेंब,
आणि रकान्यात: आढळले. आढळले नाहीत.
माझ्या लेखी जंत म्हणजे
कुणाच्या तरी पोटातली तक्रार.
हा कुणाच्याच पोटात नव्हता.
स्वतःच्या घरात होता,
दाराला झालर लावून.

घरी येऊन पद्धतशीर बसले.
लगवर्म? नव्हे. तो सोऱ्यातून पाडल्यासारखी
वाळूची वेटोळी टाकतो, ती इथे नव्हती.
मोरपिशी? त्याची नळी चिखलाची, रबरासारखी गुळगुळीत.
तुतारीवाला? त्याची निमुळती,
एका कणाइतक्याच जाडीची; तशी बांधायची
म्हणजे फार नजर लागत असणार.
ही सरळ, खरबरीत,
शिंपल्यांचे तुकडे जमतील तसे बसवलेले.
खात्री करायची तर आतला प्राणी पाहावा लागतो:
मानेशी तांबड्या कल्ल्यांच्या तीन जोड्या, झुडपांसारख्या,
आणि पांढरे दोरे, कितीतरी.
त्यासाठी फावडं हवं, आणि स्पिरिटची बाटली.
बाटली माझ्याकडे असतेच.

पुढच्या रविवारी नॉर्मन डॉड्स भेटला,
कुत्र्यामागे ओढला जात.
माझ्या हातातलं फावडं बघून म्हणाला, "सँड मेसन.
इथलं शेंबडं पोरही सांगेल."
आठवडाभर मी रकाने भरत होते.

मग त्यानं नळी तळव्यावर घेतली,
नखानं एक काळा कण दाखवला.
"कोळसा. समुद्र आणतो."
त्याचा बाप म्हणे इथेच वेचायचा,
गाडीला तट्टू जुंपून, गुडघाभर पाण्यात, अशाच थंडीत.
खाण बंद झाली, तट्टू विकलं,
समुद्राला कुणी कळवलं नाही.
एवढं बोलून तो गेला. कुत्र्याला पुढे काहीतरी मेलेलं सापडलं होतं.

मी खणलं. वीतभर. नळी संपेना.
अजून चार बोटं, आणि ती तुटली,
न ऐकू येणारा काहीसा आवाज करून.
आतला जो कोण तो आणखी खाली गेला.
खड्ड्यात पाणी भरलं, कडा ढासळल्या,
बाटली घरी आली तशीच, नितळ.
आढळला. दिसला नाही.
असा रकाना आमच्याकडे नसतो.

रात्री गडहिंग्लजला फोन.
आई म्हणाली, काय केलंस गं सुट्टीचं?
किडा म्हणाले असते तर म्हणाली असती, मारलास ना?
म्हणून म्हटलं, एक गवंडी बघून आले.
"तिकडे मिळतात? रोज किती घेतात?"
काही नाही घेत. वाळूही स्वतःचीच.
"मग उभं राहून करून घे बाई,
असले लोक काम अर्धवट टाकून जातात."
हो म्हटलं.
टाकून मी आले होते, हे नाही सांगितलं.

सोमवारी डबा खायच्या सुट्टीत
कोटाच्या खिशातून निघाला चुरा, चिमूटभर.
त्यातला काळा कण भिंगाखाली धरला.
कडेला पातळ, पारदर्शक थर होता,
त्याच्या लाळेचा,
शेजारचा कण जिथे बसला होता
तिथे थोडा खोलगट.

चहा निवून गेला.
शेजारचा कण मी
उरलेल्या चुऱ्यात शोधत बसले.